सी विंगचं पान

मुलांना महामारी समजावून सांगायला चित्रांचं पुस्तक काढायचं, असं ठाण्यातल्या बाळकुमच्या आमच्या सोसायटीने ठरवलं, तेव्हा मुलांना सोडून सगळ्यांना विचारण्यात आलं. आठ विंगांच्या आठ प्रतिनिधींची ऑनलाइन मीटिंग झाली. दोन तास चालली. त्यातला पाऊण तास पुस्तकाच्या नावावर गेला आणि शेवटी 'काटेरी राक्षस आणि आठ विंगा' हे नाव एकमताने मंजूर झालं. एकमत झालं ते एवढ्याचसाठी की त्यात कुठल्या विंगचं नाव आधी येत नव्हतं.

मला बोलावलं कारण मी चित्रं काढते. शाळेच्या पुस्तकांत झाडाला पाणी घालणारा मुलगा आणि रांगेत शहाण्यासारखी उभी राहणारी मुलगी, ती दोघं माझी. मी सी विंगमध्ये भाड्याने राहत होते. आमच्याकडे भाडेकरूला मत नसतं, पार्किंग नसतं आणि जिममध्ये जायचं तर घरमालकाचं पत्र लागतं. फुकट चित्रं काढायला मात्र कुठलाही नियम आड येत नाही.

हे सगळं देवयानीताईंच्या देखरेखीखाली चाललं होतं. त्या सांस्कृतिक समितीच्या प्रमुख, आणि आमच्याच सी विंगच्या. त्यांना मुलांची फार काळजी. स्वतःची दोन मुलं अमेरिकेत, त्यामुळे काळजी करायला वेळही भरपूर.

"स्वप्ना, हे बघ," त्या फोनवर म्हणाल्या, "मुलांच्या मनावर परिणाम होता कामा नये."

परिणामच व्हायला नको असेल तर पुस्तक छापायचं कशाला, असं मी म्हटलं. मनात म्हटलं. जूनमध्ये माझा भाडेकरार संपत होता आणि नव्या कराराला सोसायटीची एनओसी लागते. मनात मी त्या दिवसांत पुष्कळ बोलत असे.

आमच्याकडे सगळं विंगवार चालतं. गणपतीची आरती विंगवार, टँकरचं पाणी विंगवार, कोजागिरीचं दूधसुद्धा विंगवार आटवतात. तेव्हा पुस्तकही विंगवारच. प्रत्येक विंगला एक पान, त्यावर काय असावं ते त्या विंगने ठरवायचं. ए विंगने गेटवरचं सॅनिटायझर मागून घेतलं, कारण ते त्यांच्या दाराशी. बी विंगला ऑनलाइन वाढदिवस हवा होता. डी विंगने गच्चीवरचा योग घेतला, ई विंगने मास्क. एफ आणि जी या दोन्ही विंगांना लस हवी होती, त्यावरून भांडण लागलं. शेवटी एफला सुई दिली आणि जीला सुईनंतरचं चॉकलेट. एच विंगसाठी काही उरलं नाही म्हणून त्यांना इंद्रधनुष्य दिलं. ताप, धाप, भीती, मरण यातलं काहीही कुठल्याच विंगने मागितलं नाही. राक्षस तेवढा सगळ्या पानांच्या कोपऱ्यात होता. त्याचे दात तीनदा कमी करायला लावले. शेवटी तो ढोबळ्या मिरचीसारखा दिसायला लागला, तेव्हा कुठे समितीचं समाधान झालं.

सी विंगच्या वाट्याला आला बरा होऊन घरी परतणारा पेशंट.

त्या दिवसांत हॉस्पिटलातून कोणी सुखरूप आलं की गेटवर टाळ्या वाजवायची पद्धत पडली होती. रांगोळी काढायची, बाल्कनीतून थाळ्या वाजवायच्या, व्हिडिओ काढायचा. ई विंगच्या एका गृहस्थांसाठी तर ढोल आणला होता. ते नुसतेच चौदा दिवस विलगीकरणात राहून आले होते, त्यांना साधी शिंकसुद्धा आली नव्हती. या व्हिडिओंच्या बाबतीत सी विंग मागे होती. आमच्याकडचा एकच माणूस हॉस्पिटलात होता आणि तो काही अजून परतला नव्हता.

तो माणूस म्हणजे माझ्या शेजारच्या घरातले भाऊ. टपाल खात्यातून निवृत्त, पंचाहत्तरीचे. अनिमेषचे वडील, सहा वर्षांच्या उत्तराचे आजोबा. पार्किंगमध्ये वर्तमानपत्र पसरून ते सोसायटीतल्या यच्चयावत पोरांच्या सायकलींच्या चेन बसवून द्यायचे आणि उत्तरा हातात फडकं धरून त्यांच्याजवळ बसायची. फरशीवर तेलाचे डाग पडतात म्हणून याच समितीने त्यांना दोनदा लेखी नोटीस दिली होती. दुसऱ्या नोटिशीवर देवयानीताईंची सही होती. आता त्याच भाऊंना पुस्तकात सन्मानाने घ्यायचं होतं.

"पण ताई, ते अजून ऑक्सिजनवर आहेत," मी म्हटलं.

"अगं, पुस्तक छापून येईपर्यंत येतीलच घरी. आपण चांगलाच विचार करायचा."

मी काढलं. चित्र चांगलं झालं, हेही सांगते, कारण तीच तर खरी पंचाईत होती. गेटमधून आत येणारे भाऊ, चौकड्यांचा शर्ट, किंचित वाकलेला डावा खांदा, आणि समोरून हात पसरून धावत येणारी उत्तरा. भाऊंच्या बोटांना मी थोडं वंगण लावलं होतं. देवयानीताईंनी ते पुसायला लावलं. हात स्वच्छच दिसले पाहिजेत, संदेश तोच तर आहे, म्हणाल्या. मग त्यांनी स्वतः चित्राखाली दोन ओळी रचल्या.

वीस आकडे मोजून धुतले हात,
आजोबा आले हसत दारात!

पुस्तकातली सगळ्यांत चांगली कविता हीच, असं आठही विंगांचं मत पडलं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी भाऊ गेले. अनिमेषला त्यांचा चेहरासुद्धा नीट बघायला मिळाला नाही. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी लांबून दाखवलं आणि हेच तुमचे वडील असं सांगितलं. घरी येऊन त्याने आंघोळ केली आणि नवरा-बायकोने ठरवलं की उत्तराला सांगायचं नाही. भाऊ हॉस्पिटलात आहेत, हळूहळू बरे होतायत, एवढंच सांगायचं. तिच्यासमोर कोणी रडायचं नाही. मेघना, म्हणजे उत्तराची आई, बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. त्यांच्या आणि माझ्या बाथरूमचं डक्ट एकच, त्यामुळे मला ते ऐकू यायचं.

मी देवयानीताईंना फोन केला. म्हटलं, "सी विंगचं पान बदलायला लागेल."

"अगं, बदलून काय टाकणार? परवा फाइल प्रेसला जायची आहे."

"काहीही टाकू. भाऊ सायकल दुरुस्त करतायत असं टाकू."

"त्याचा कोरोनाशी काय संबंध?" त्या म्हणाल्या. पुढे म्हणाल्या, "आणि बाकीच्या सात विंगांचा शेवट गोड आणि आपलाच कडू, बरं दिसतं का ते?"

मग आमच्याकडे अवघड प्रश्न सोडवतात तसा हाही सोडवला. विंगच्या ग्रुपवर मतदान ठेवलं. पान असंच ठेवा म्हणणाऱ्यांनी अंगठा द्यायचा. तासाभरात एकतीस अंगठे आले. एका आजोबांच्या मरणावर एकतीस अंगठे. त्यातला शेवटचा अनिमेषचा होता. खाली त्याने लिहिलं होतं, निदान पुस्तकात तरी ते घरी येऊ देत. त्यावर सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली आणि लोक पाण्याच्या टँकरकडे वळले.

गुरुवारी मी फाइल पाठवली. नाही म्हणता आलं असतं. पान पांढरं ठेवता आलं असतं, कॉम्प्युटर बिघडला असं खोटं सांगता आलं असतं. त्यातलं मी काही केलं नाही. एनओसीचं सांगितलंच आहे.

डोंबिवली एमआयडीसीतल्या एका प्रेसने अर्धं शटर खाली ओढून ते छापून दिलं. मेच्या पहिल्या आठवड्यात गठ्ठे आले. समितीने प्रत्येक प्रतीवर सॅनिटायझर इतकं फवारलं की पानं एकमेकांना चिकटली, आणि एच विंगचं इंद्रधनुष्य जी विंगच्या चॉकलेटवर उतरलं. प्रकाशन ऑनलाइन झालं. मुलांच्या मनाच्या एक तज्ज्ञ बाई पाहुण्या होत्या. त्या मुलांशी मोकळेपणाने बोलण्याच्या महत्त्वावर चाळीस मिनिटं इंग्रजीत बोलल्या. तेवढा वेळ मुलांना म्यूट केलं होतं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी डक्टमधून वेगळा आवाज यायला लागला. नळ तोच, पण आता आत कोणी रडत नव्हतं. कोणीतरी आकडे मोजत होतं. सतरा, अठरा, एकोणीस, वीस. मग पुन्हा एकपासून. मला बरंच वाटलं, वाटलं वाचलं पोरीने पुस्तक. इतकी मी मूर्ख. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच, दुपारी तेच. चौथ्या दिवशी ती वीसवर थांबेनाशी झाली. एकशे बारा, एकशे तेरा, असा तो बारीक आवाज डक्टमधून चढत होता आणि मी हातातला ब्रश तसाच धरून उभी होते.

संध्याकाळी उत्तरा त्यांच्या सेफ्टी डोअरच्या जाळीमागे उभी दिसली. ती रोज तिथे उभी राहून लिफ्टकडे बघायची. जाळीतून तिची बोटं बाहेर आली होती. बोटांची पेरं तडकली होती. दोन ठिकाणी रक्त येऊन सुकलं होतं. तळहात लाल, सुरकुतलेला, एखाद्या भांडीवालीचा असावा तसा.

"काय गं हे हाताला?"

"साबण लागतो," ती म्हणाली. "पण मी नीट मोजते आता."

"एवढं कशाला मोजायचं? वीस पुरे असतात."

"वीसने आले नाहीत ना भाऊ." तिने मागे वळून बघितलं, घरात कोणी ऐकत नाही ना म्हणून, आणि जाळीला तोंड लावून म्हणाली, "स्वप्ना मावशी, आईला सांगू नको हं. त्या दिवशी मी खेळून आलेले ना, तेव्हा मी मोजलेच नव्हते. नुसतं पाणी लावलेलं. आणि मग भाऊंना ताप आला."

 सहा वर्षांची पोर महिनाभराहून जास्त हे एकटीने डोक्यात घेऊन फिरत होती. आजोबांना आपण आजारी पाडलं आणि आपण चुकीचं मोजतो म्हणून ते घरी येत नाहीत. तिची चूक काय होती? आम्ही पुस्तकात छापलं ते तिने खरं मानलं. आठ विंगांत तेवढं एकच माणूस निघालं, ज्याने ते पुस्तक मनापासून वाचलं.

मी तिथेच बेल दाबली आणि अनिमेषला बाहेर बोलावून पायऱ्यांवर नेलं. तो मास्क नाकावर ओढत आला. मी त्याला सगळं सांगितलं. 

"हे बघा स्वप्ना, आम्ही क्रीम आणलंय," तो म्हणाला. "डॉक्टरांचं."

"क्रीमने काय होणार? तिला सांगा की भाऊ गेले."

"सगळं जरा निवळू दे. शाळा सुरू झाली की सांगू. आत्ता तिला झेपणार नाही."

"तिला झेपणार नाही की तुम्हाला?"

त्याचा चेहरा एकदम उतरला. मला तेव्हा त्याची दया आली नाही. आज येते, पण तेव्हा नाही आली. "आमच्या घरातलं आम्ही बघू," एवढं बोलून तो आत गेला. आतून त्याचं हसरं बोलणं ऐकू आलं, मुलांशी बोलताना लोक आवाजाला जी साखर लावतात ती लावलेलं.

मी आईला फोन लावला. माझी आई मंजुळा ठाकुर्लीच्या चाळीत राहते. तीस वर्षं तिने पाळणाघर चालवलं. तिला मुलांच्या मनातलं इंग्रजीत सांगता येत नाही, म्हणून तिला कोणी पाहुणी म्हणून बोलावत नाही.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुझी आजी गेली तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. पंचशील म्हणताना तुला पुढे बसवलेलं मी. तू तिच्या पायाला हात लावून बघितलेलास. गार का लागतो विचारलेलंस. मी सांगितलं, मेल्यावर गार होतो माणूस. तू रडलीस, जेवलीस, झोपलीस. काय वाकडं झालं तुझं?"

"पण आई, तिचे आईबापच तयार नाहीत."

"आईबापांचं मला नको सांगू. ते चित्र कोणी काढलं?"

"मी."

"मग माझं डोकं कशाला खातेस?" असं म्हणून तिने फोन ठेवला.

मी बसले आणि सी विंगचं पान पुन्हा काढलं. या वेळी मतदान नव्हतं. भाऊ पलंगावर, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, डोळे मिटलेले. बोटांना वंगण. राक्षस काढला नाही, कारण तिथे राक्षस नव्हताच, आजार होता. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, भाऊ खूप आजारी पडले. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले. तरी भाऊ वारले. आता ते परत येणार नाहीत. उत्तराच्या हातांमुळे काही झालं नाही. तिने मोजलं असतं तरी भाऊ आजारी पडले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजवली, तेव्हा दार मेघनाने उघडलं. मी काही न बोलता कागद तिच्या हातात दिला. तिने उभ्या उभ्या वाचला. शेवटच्या दोन ओळींवर तिची नजर अडकली.

"म्हणजे तिला असं वाटतंय?" तिने विचारलं.

"अनिमेषला काल सांगितलं मी. तो बोलला नाही?"

 आत बाथरूमचा नळ चालू होता. मेघना गेली, तिने नळ बंद केला आणि ओल्या हातांच्या उत्तराला हॉलमध्ये आणून जमिनीवर मांडीत बसवलं. अनिमेष आतल्या खोलीच्या दारात आला. "मेघना, नको," तो म्हणाला. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. तिने वाचायला सुरुवात केली. एकही शब्द गाळला नाही.

वाचून झाल्यावर उत्तरा चित्राकडे बघत राहिली. भाऊंच्या बोटांवरच्या काळ्या डागांवर तिने बोट ठेवलं.

"वारले म्हणजे मेले?"

"हो राजा," मेघना म्हणाली.

"कधी?"

"खूप दिवस झाले गं."

उत्तरा उठली, कपाटातून छापलेलं पुस्तक घेऊन आली आणि सी विंगचं पान उघडून आमच्यासमोर धरलं. "मग हे कोणी काढलं?"

मेघना माझ्याकडे बघायला लागली. अनिमेषही. पळून जाण्यासारखी वाट माझ्या मागेच होती, दार उघडंच होतं.

"मी काढलं," मी म्हटलं.

"तुला माहीत होतं?"

"काढलं तेव्हा माहीत नव्हतं. छापायला दिलं तेव्हा माहीत होतं."

तिने ते नीट ऐकून घेतलं. सोसायटीत माझं बोलणं इतकं लक्ष देऊन कोणी ऐकलं नव्हतं. मग ती मेघनाकडे वळून म्हणाली, "आई, मावशीला घरी जायला सांग."

मेघनाला सांगायची वेळ मी येऊ दिली नाही. चपला घातल्या आणि माझ्या घरात आले. दार लावते न लावते तोच उत्तरा रडायला लागली. मुलांचं रडणं पुस्तकात काढतो तसं गालावर दोन थेंब, असलं नाही. घसा फोडून, श्वास अडकेपर्यंत. मध्येच एक पुरुषी आवाज त्यात मिसळला, तो अनिमेषचा होता. भिंतीतून ऐकू येत होतं, डक्टमधून ऐकू येत होतं, खाली पार्किंगपर्यंत जात असणार.

पाच मिनिटांत विंगच्या ग्रुपवर मेसेज आला. नवव्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी विचारलं होतं, कोणाचं मूल रडतंय, माझी महत्त्वाची मीटिंग चालू आहे.

ग्रुपवर भाडेकरूंनी लिहायचं नसतं. मी लिहिलं, उत्तरा रडतेय. तिचे आजोबा वारले.

खाली लगेच देवयानीताईंचं उत्तर आलं. "पण ते तर गेल्या महिन्यातच ना?"

मी लिहिलं, तिला आज कळलं.

त्यावर कोणी काही लिहिलं नाही. अंगठासुद्धा नाही. मी फोन पालथा ठेवला आणि ती थांबेपर्यंत भिंतीला टेकून बसले. ती बराच वेळ थांबली नाही.